वाचकांचे प्रश्न : कमिटीतला माणूस ग्रामसभेत बोलतो का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात यंदा कार्य समिती (मालक आणि कामगार या दोघांच्या प्रतिनिधींची कमिटी) झाली आणि मी निवडून आलो. युनियनवाले म्हणतात, इथं बोलायची सवय लागली की माणूस गावच्या कारभारातही लक्ष घालतो. यात तथ्य किती? आमच्या बैठकीत तर चहा-बिस्किटांपुढे गाडी जात नाही.
– एक वाचक, चाकण परिसर

उत्तर : तथ्य आहे, पण सरसकट नाही. आल्मंड आणि व्हर्बा या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांची पाच देशांतली पाहणी १९६३ साली आली. कामाच्या ठिकाणी ज्यांचं मत विचारलं जातं, त्यांना सरकारदरबारीही आपलं चालेल असं जास्त वाटतं, हे त्यात दिसलं. राजकीय विचारवंत कॅरोल पेटमन यांनी १९७० मध्ये हाच धागा पुढे नेला : कामाच्या ठिकाणी निर्णयात भाग घेतला की राजकारणात भाग घ्यायचं शिक्षण मिळतं. गोम एवढीच, की मुळात बोलका असतो तोच निवडून येतो. मग कमिटीनं त्याला घडवलं असं कशावरून म्हणायचं?

चहा-बिस्किटांचं कारण साधं आहे. १०० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी नेमायची ही समिती सल्ला देते, हुकूम नाही. पगार-बोनस युनियनकडे राहू द्या; पाणी, कँटीन, संडास, सुरक्षा हे विषय धरा. विषय बैठकीआधी लेखी द्या. इतिवृत्तात चार रकाने मागा : विषय, निर्णय, कोण करणार, कधीपर्यंत. ‘कूलर दुरुस्ती – विचाराधीन’ अशी नोंद झाली की कूलर गेलाच समजा. ‘मेंटेनन्स, १५ तारखेपर्यंत’ असं लिहून घ्या, सह्या त्याच दिवशी घ्या आणि पुढची बैठक याच नोंदीपासून सुरू करायला लावा.

ग्रामसभेतही हेच कामी येतं. विषयाचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यायची, मागचं इतिवृत्त वाचायला लावायचं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांत जे कमी ते; तेवढेही जमत नाहीत आणि सभा तहकूब होते, हे नेहमीचंच.

खरी अडचण वेगळीच असते. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीतला माणूस. खोली इथं आणि नाव बीडच्या यादीत, अशी स्थिती असेल तर कमिटीतली सगळी तयारी इथल्या सभेत वाया. नाव हलवायला मतदार नोंदणीचा नमुना ८ हा अर्ज भरायचा, पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो. मात्र गावाकडचं नाव कमी होतं. दोन्हीकडे ठेवता येत नाही, तेव्हा घरच्यांशी बोलूनच अर्ज करा.