एकेक कॅरेक्टर थांबत-थांबत छापणारा सगळ्यात छोटा पायथन कोड कसा लिहू?

नांदेडच्या कॉलेजातली तुमची स्पर्धा अशी: 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य एकाच ओळीत, प्रत्येक कॅरेक्टरनंतर 0.1 सेकंद थांबत छापायचं. सगळ्यात छोटा कोड जिंकणार. तुमचा कोड मात्र अडीच सेकंद ढिम्म बसतो अन् मग सगळं एकदम ओकतो.

स्लीपचा (कोडला थांबवणाऱ्या फंक्शनचा) यात काही दोष नाही. टर्मिनलवर पायथन नवी ओळ येईपर्यंत मजकूर बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) धरून ठेवतो, आणि तुम्ही 'एंड' (प्रिंटनं शेवटी काय जोडायचं ते) रिकामा देऊन नवी ओळच काढून टाकलीय. म्हणून 'फ्लश' लागतो, तो साठलेलं लगेच पडद्यावर ढकलतो. प्रिंटमध्ये तो 3.3 पासून आहे. 'ट्रू'च्या जागी 1 लिहा, तीन कॅरेक्टर तिथंच वाचले.

आता खरी गंमत. कॅरेक्टर छापायला देऊन वर 'एंड' रिकामा कशाला ठेवायचा? कॅरेक्टरच 'एंड'ला द्या: प्रिंट(एंड=सी,फ्लश=1), इथं सी म्हणजे फॉर लूपमधलं चालू कॅरेक्टर. (इथं देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.) आणखी तीन गेले. 0.1 मधलं शून्यही उडवा, .1 चालतं.

'फ्रॉम टाइम इम्पोर्ट*' छोटं पडेल असं सगळ्यांनाच वाटतं. मोजून बघा: ते 17 आणि स्लीपचे 5, झाले 22. साधं 'इम्पोर्ट टाइम' 11 आणि 'टाइम.स्लीप' 10, म्हणजे 21. स्लीप एकदाच असेल तर साधंच बरं. दोनदा आला की गणित उलटतं.

असा कोड 83 कॅरेक्टरचा होतो, पण बाइट 125. यूटीएफ-8 मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा अन् हलंतसुद्धा. वाक्य 25 कॅरेक्टरचं, बाइट 67! तेव्हा मोजणी कशात, हे आयोजकांना आधीच विचारा. 'जर्मनी' छापताना आधी र येईल, मग हलंत, मग म आल्यावर रफार वर चढेल. परीक्षकांना ते चालणार का, हेही विचारून ठेवा.

भाषेची अट नसेल तर लिनक्सवर पायथनच्या नादी लागूच नका. एको या छापणाऱ्या कमांडचा मजकूर पाइपनं (| चिन्हानं) 'पीव्ही -क्यूएल30' या ठरावीक वेगानं मजकूर सोडणाऱ्या कमांडला द्या: 39 कॅरेक्टर, 81 बाइट. पीव्ही वेगळं इन्स्टॉल करावं लागतं आणि ते सेकंदाला 30 बाइट सोडतं, त्यामुळं एका बाइटचे स्पेस आणि स्वल्पविराम भुर्रकन निघून जातात. कडक परीक्षक असेल तर यावरच अडवेल.