वाटी परत कोण करतं?

ताई, प्रभूच्या नावाने सलाम.

वय ४४, वानवडीत एका सोसायटीत राहते. समोरच्या फ्लॅटमध्ये काकू आहेत. सोळा वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू केले, मी ऑफिसला गेले की मुलाला स्कूलबसपर्यंत त्याच सोडायच्या. नाताळात मी त्यांना करंज्या आणि बिनअंड्याचा केक देते, गणपतीत त्या मोदक देतात. अडचण इथेच आहे. सहा वर्षांपासून मी एका प्रार्थना गटात जाते. तिथल्या एका बहिणीने सांगितलं की प्रसाद खाल्लास तर तुझी साक्ष, म्हणजे वागण्यातून दिसणारा प्रभूवरचा विश्वास, राहत नाही. तेव्हापासून मी खात नाही, पण काकूंना तोंडावर नाही म्हणवत नाही. घेते, आणि सकाळी आमच्या दोघींकडे कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकते, वाया नको जायला. वाटी साखर घालून त्यांच्याच हाती परत पाठवते. यंदा मावशी गावाला गेल्यात म्हणून वाटी माझ्याकडेच पडून आहे. मिस्टर म्हणतात, कशाला विषय काढतेस. मला मात्र टोचतं, की इतकी वर्षं शेजारी राहून मी काकूंना प्रभूविषयी एक शब्द सांगितला नाही. रोजच्या वागण्यातून साक्ष कशी द्यावी? सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक वचन टाकू का? काकूंना नाताळच्या उपासनेला बोलवू का?
– अस्वस्थ, वानवडी

सलाम, ताई.

तुमचं पत्र इथे बरंच छाटून छापलंय. मुळात काकूंवर दीड पान आहे, प्रार्थना गटावर पाऊण, मिस्टरांवर एक ओळ (त्यांना तेवढी पुरे). मावशींच्या वाट्याला दोन-तीन तुकडे आलेत, तेही जाता जाता. ‘मावशींना देऊन टाकते, वाया नको जायला.’ मी आज तेवढ्यावरच बोलणार आहे. उपासनेचं आमंत्रण ही फार पुढची गोष्ट झाली. आणि ग्रुपवर वचन टाकू नका. टँकर आणि पार्किंगच्या मेसेजमध्ये ते कुणी वाचत नाही.

आता मला जरा गणपतीतल्या त्या संध्याकाळी तुमच्या दारात उभं राहू द्या. साडेसात वाजलेत. आरती आटपून काकू समोरून येतात. हातात स्टीलची वाटी, वर ताटली झाकलेली, ताटलीला आतून वाफेचं पाणी सुटलेलं. पाच मोदक, वर तुपाची धार. यासाठी काकू दुपारीच ओट्याशी उभ्या राहिल्या असणार. उकड गरम असतानाच मळायची, हाताला चटके बसले तरी. पारी कडेने पातळ करत न्यायची, एकेक कळी पाडायची, आणि फाटला एखादा की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही ‘वा काकू!’ म्हणता. दार लागतं. वाटी फ्रीजमध्ये जाते. उकडीचा मोदक रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की त्याची पारी चामड्यासारखी होते आणि तूप वर पांढरं गोठतं. सकाळी मावशी येतात, आणि तो त्यांना मिळतो.

हे मोदक कुठून आले, ते त्यांना ठाऊक नसेल असं समजू नका. काकूंकडचं मोदकपात्र त्यांनीच घासलंय. चाळणीच्या भोकांत बसलेली उकड नखाने काढलीय. काकूंनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवलाच असणार, आणि मग तुमच्या स्वयंपाकघरात तेच मोदक पुन्हा समोर येतात, गार, कडक, पिशवीत घातलेले. मोदक ओळखू येतो हो. प्रत्येकीच्या हाताची कळी वेगळी असते.

त्यांचा देव कोणता, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. त्या गणपतीला मानणाऱ्या असतील तर ज्याला त्या कपाळाला लावून घेतात ते तुम्ही त्यांना ‘वाया नको’ म्हणून दिलंत. त्या आपल्यातल्या असतील, आणि पुण्यात धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आपल्या मंडळीतल्या बायका कमी नाहीत, तर जे तुमच्या साक्षीला बाधतं ते त्यांच्या साक्षीला बाधत नाही, असं तुम्ही कुठल्या शास्त्रात वाचलंत? तुमच्या पोटात गेलं तर पाप आणि मावशींच्या पोटात गेलं तर अन्नाची नासाडी टळली! मला हे वाचून राग आला, आणि तो मी लपवत नाही.

आणि ती वाटी. साखर घालून पाठवता, चांगलं करता, आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पण ती नेऊन कोण देतं? काकू काही वाटी मुकाट फळीवर ठेवत नसतील. ‘आवडले का गं ताईंना? यंदा गूळ जरा जास्त पडला होता.’ एवढं तर कुणीही विचारेल. मावशी काय सांगत असतील? ‘हो, आवडले की.’ दुसरं काय सांगणार, दोन्ही घरची कामं टिकवायची आहेत. तुमच्या विश्वासासाठी खोटं बोलायचं काम तुम्ही सहा वर्षं मावशींवर टाकलंय, आणि ते पगारात धरलेलं नाही.

तुम्ही विचारता, साक्ष कशी द्यावी. बाई, देताय की! ती बघणारी एकच व्यक्ती आहे आणि ती सध्या गावाला गेलीय.

तुमच्या गटातल्या बहिणीने तुम्हाला बायबलमधलं करिंथकरांस पहिले पत्र काढून दाखवलं असणार, दहावा अध्याय, प्रभूचं मेज आणि दुसरं मेज. बरोबर आहे, ते तिथे आहे. पण प्रेषित पौलाचं हे पत्र काही कॅलेंडरच्या पानावरचं एकेक वचन नाही, ते सलग वाचायचं असतं. आपल्या मराठी शास्त्रात तर शब्दच ‘नैवेद्य’ असा आहे, जणू ते पत्र करिंथला नाही, कसब्यातच आलं. आठव्या अध्यायात तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नाही हे आपल्याला कळतं, पण ज्याला ते कळत नाही त्या भावाला तुझ्या खाण्याने अडखळण झाली तर तुझं कळणं काय कामाचं? दहाव्यात म्हणतो, बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, पण कुणी सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नको. का? तर सांगणाऱ्यासाठी. तुझ्या विवेकासाठी नव्हे, त्याच्या. तीन अध्याय तो नैवेद्यावर बोलतो आणि एकदाही समोरच्या माणसावरची नजर काढत नाही.

आणि लगेच पुढचा, अकरावा अध्याय. तिथे तो खरा चिडलाय. कशावर? प्रभुभोजनाला जमलेली मंडळी आपापलं आणलेलं आधी खाऊन घेत होती. एक पिऊन झिंगतोय, दुसरा उपाशी बसलाय. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं तो त्यांना सुनावतो. नैवेद्याच्या प्रश्नावर तो समजावून सांगतो, या गोष्टीवर फटकारतो. तुमच्या गटाने दहावा अध्याय वाचून पुस्तक मिटलं असेल तर पुढच्या बैठकीला पुढचं पान उलटायला सांगा.

प्रसाद खावा की खाऊ नये? मी खात नाही. माझी धाकटी बहीण खाते. रविवारी आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो आणि एकाच पुस्तकातून गातो. तुम्ही खात नाही म्हणता, तर नका खाऊ, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

या गावात हा घोळ नवा नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली होती, टिळक होते, रानडे होते. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्यायलं, कुणी कप नुसता हातात धरला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी नावं छापून आणली आणि पुण्यात हे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांसारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतलं. ख्रिस्त्यांच्या घरच्या चहाने माणूस बाटतो, असं तेव्हाचं पुणं मानत होतं. आमच्या घरात हा किस्सा हसून सांगायचे, विशेषतः पाहुण्यांना चहा देताना. तुमचं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदाच त्याचं हसू आलं नाही. तुम्ही त्या ‘कप नुसता हातात धरणाऱ्यां’मधल्या. मात्र त्यांच्यापैकी कुणी तो कप नंतर झाडणाऱ्याला पाजला, असं काही माझ्या वाचनात नाही.

मी फार शहाणी म्हणून हे लिहीत नाहीये. माझं माहेर नगरचं, मिशन कंपाउंडमधलं. पुण्यात शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी आमच्या शिपाईबाईंनी संक्रांतीला तिळगूळ दिला. देवापुढे ठेवून आणलाय, म्हणाल्या. मी ‘गोड बोलते हं’ म्हटलं आणि वडी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. आठवड्याने त्यांच्यासमोर रजेचा अर्ज काढायला पर्स उघडली तर मुंग्यांची रांग, आणि तिच्या टोकाला तो तिळगूळ. बाई काही बोलल्या नाहीत. पर्स माझ्या हातातून घेतली, खिडकीबाहेर झटकली, मुंग्या गेल्याचं बघितलं आणि परत दिली. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझी उत्तराची तयारीही होती.

तेव्हा एकच करा. ती वाटी मावशी येईपर्यंत ठेवू नका. तुम्ही स्वतः घेऊन जा, आज. यंदाच्या मोदकांचं काय केलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारत नाही. काकूंना मात्र विचारायच्या आत सांगा. ‘काकू, गणपतीपुढचा प्रसाद मी सहा वर्षं खाल्लेला नाही. माझ्या विश्वासात तो बसत नाही. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, घेत राहिले आणि मावशींना देत राहिले. चुकले.’ एवढंच. ‘तुमचं मन दुखवायचं नव्हतं’ हे शेपूट जोडू नका, ते स्वतःला वाचवायला असतं. प्रार्थना गटाचं नाव पुढे करू नका. मिस्टरांना बरोबर नेऊ नका. आणि त्याच बैठकीत प्रभूविषयी सांगायला घेऊ नका, कृपा करून. कबुली द्यायला गेलेल्या माणसाने त्या दिवशी उपदेश करायचा नसतो.

काकूंना वाईट वाटेल. वाटू दे. दुपारपासून राबून केलेले मोदक समोरच्या घरात फ्रीजमध्ये कडक होत होते हे ऐकून कुणाला बरं वाटेल? चार दिवस त्या लिफ्टमध्ये नुसतं हसतील, कदाचित तेही नाही. डिंकाचे लाडू करून घालणारी बाई सोळा वर्षांचा शेजार वाटीभर मोदकांवरून तोडेल, असं मला वाटत नाही, पण तोडलाच तर त्याची किंमत तुमची, मावशींची नव्हे. होऊ असंही शकतं की त्या म्हणतील, ‘अगं, नैवेद्याचे एकवीसच ताटात असतात, बाकीचे पातेल्यातच असतात, तुला त्यातले दिले असते की!’ पण हे मनात धरून जाऊ नका. ते त्यांनी म्हणायचं आहे.

मावशी गावाहून आल्या की त्यांनाही सांगा. काकूंशी बोलून झाल्यावर, आधी नाही. आधी सांगितलंत तर त्यांना तुमचं आणखी एक गुपित दोन घरांमध्ये सांभाळत बसावं लागेल. उभ्याउभ्या, त्या भांडी घासताना पाठमोरं सांगू नका. चहा टाका, दोन कप, दोघी बसा. ‘माझ्यापायी तुम्हाला खोटं बोलावं लागलं’ एवढं म्हटलंत तरी त्यांना कळेल. त्या ‘जाऊ द्या हो ताई’ म्हणतील. लगेच सुटल्यासारखं वाटून घेऊ नका. आणि नाताळात करंज्या तळाल तेव्हा त्यांचा डबा त्याच दिवशी भरा, सगळ्यांचं वाटून तळाशी उरलेल्यांचा नव्हे.

वाटीत साखर घालायला विसरू नका. काकू दारातच हात पुढे करतील, वाटी त्यांच्या हातात देऊन मागे फिरू नका. चप्पल काढा आणि आत जा.