फर्मा आधी, कागद नंतर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची जोड्यांची बेचाळीस रेखाटने मिळाली. पत्र मी दोनदा वाचले, रेखाटने एकदाच पाहिली. पत्रात 'ब्रँड' हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि 'पाय' हा शब्द एकदाही नाही, हे तुझ्या लक्षात आले आहे का? रेखाटने सुरेख आहेत हे तुझ्या शिक्षकांनी तुला सांगितलेच असेल, तेव्हा त्यावर मी शाई घालवत नाही. मात्र एकाही चित्रात टाचेची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली नाही, आणि बेचाळीसच्या बेचाळीस जोडे बाहेरच्या बाजूने काढलेले आहेत. जोड्याची आतली, दुसऱ्या पायाकडची बाजू वेगळी असते. पायाची कमान तिथे असते आणि तिथली रेषा बाहेरच्या रेषेपेक्षा वेगळी वळते. ती बाजू तू काढली नाहीस, कारण ती तू पाहिलेलीच नाहीस. ती कागदावर दिसत नाही, फर्म्यावर दिसते, म्हणजे ज्या ठोकळ्यावर जोडा घडवतात त्यावर.

तुझ्यापुढचा पेच मला समजला. एकीकडे तमिळनाडूतल्या राणीपेटच्या जोड्यांच्या कारखान्यात पॅटर्न विभागाची, म्हणजे चामडे कापण्याचे कागदी नमुने बेतण्याची, नोकरी आहे, पगार बेताचा आहे आणि हुद्द्यात 'डिझायनर' हा शब्द नाही. दुसरीकडे मिलानमधला एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, ज्याच्या फीसाठी तुझे वडील गावाकडची जमीन गहाण टाकायला तयार झाले आहेत. तू विचारतेस, कोणते निवडू? माझे उत्तर तुला आवडणार नाही, तरी ते तू अपेक्षिले असशीलच, नाहीतर मला कशाला लिहिले असतेस? राणीपेटला जा. पण का, ते सांगताना मला थोडे मागे जावे लागेल, आणि त्यात माझ्याविषयी जे येईल ते फारसे शोभादायक नाही.

माझे वडील कापशी घाटाच्या कोल्हापुरी चपला करीत. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले म्हशीचे कातडे, कातड्याच्याच वादीने घातलेले टाके, आणि दिवसभर ऐरणीवर चालणारी ठोकाठोक हे माझे बालपण. शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय 'शेती' असा मी लिहिला होता. शेती आम्हाला कधीच नव्हती. माझा हात चित्रकलेत चांगला होता, आणि आज कबूल करतो की मी कागदाकडे वळलो ते केवळ आवडीने नव्हे. कागद स्वच्छ होता, त्याला वास नव्हता, आणि कागदावर काम करणाऱ्याला कोणी जात विचारत नव्हते, निदान तोंडावर तरी नाही. चामडे कापायची रापी आणि टोचायची आरी हातात न धरता जोड्यांच्या धंद्यात राहता येते असे जेव्हा मला मुंबईत कळले, तेव्हा मला केवढे सुटल्यासारखे वाटले असेल याची कल्पना कर.

तुझी आई म्हणते, "एवढे शिकून शेवटी जोडेच करणार का?" तिच्यावर रागावू नकोस, तिने ते वाक्य हवेतून घेतलेले नाही. पण तू मात्र स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचार. तुला मिलान हवे आहे ते शिकण्यासाठी, की हा धंदा घरच्यांच्या नजरेत धुऊन स्वच्छ करून घेण्यासाठी? दुसरे कारण असेल तर गहाण पडणारी जमीन फार महाग साबण आहे.

आता माझी चूक. १९९४ साली मी एका निर्यात कारखान्यात बायकांच्या जोड्यांची डिझाइने काढीत असे. एका मोसमासाठी मी एक बंद जोडा काढला. तो ४५ मिलिमीटर टाचेच्या फर्म्यावर बेतलेला होता, पण चित्रात मला टाच बसकी वाटली, म्हणून मी ती ६० केली. नवा फर्मा करून घ्यायला वेळ नव्हता, आणि खरे म्हणजे तो का लागतो हेच मला नीट ठाऊक नव्हते. आमचे पॅटर्न मास्तर आग्र्याचे होते. त्यांनी माझे चित्र टेबलावर ठेवले, फर्मा उचलून त्याच्या टाचेखाली लाकडाचे दोन तुकडे सरकवले, आणि म्हणाले, "साहब, फर्मा मना कर रहा है." मी हसलो. वयाने आणि अनुभवाने ते माझ्या दुप्पट होते आणि मी त्यांना चित्र कसे वाचावे हे समजावून सांगितले.

त्या दोन तुकड्यांनी त्यांनी काय दाखवले होते ते तुला नीट कळावे म्हणून लिहितो, कारण हे कोणत्याही माहितीपत्रकात नसते. फर्मा हा पायाचा पुतळा नसतो. तो एका ठरावीक टाचेच्या उंचीवर उभ्या असलेल्या, चालायला निघालेल्या पायासाठी कोरलेला असतो. त्याचे टोक जमिनीपासून किंचित उचललेले असते, म्हणजे पाऊल पुढे पडताना जोडा सहज लोळतो. चवड्यापासून टाचेपर्यंतचा चढ त्या एकाच उंचीसाठी आखलेला असतो. ४५च्या फर्म्याला ६०ची टाच लावलीस की सगळा जोडा पुढे कलंडतो, टोकाचा उचलपणा नाहीसा होतो, पाय घसरून बोटांवर येतो, आणि जोड्याच्या कमरेतली, म्हणजे तळाच्या मधल्या भागातली, पोलादी पट्टी जिथे वाकू नये तिथे वाकू लागते. शोरूममध्ये यातले काही दिसत नाही. नमुना ३७ नंबरचा, छोटा आणि देखणा असतो. तो टेबलावर ठेवून लोक त्याच्याकडे पाहतात, त्यात कोणी जिना चढत नाही.

अठराशे जोड परत आले. चौकशी झाली, आणि पॅटर्न चुकला असा निष्कर्ष निघाला, कारण डिझाइन तर खरेदीदाराने स्वतः पसंत केले होते. मास्तरांना काढून टाकण्यात आले. मी त्या खोलीत बसलो होतो आणि काही बोललो नाही. घरी सहा महिन्यांचे मूल होते, भाड्याची खोली होती, हे सगळे खरे आहे आणि गेली तीस वर्षे मी ते स्वतःला सांगत आलो आहे. मी बोललो असतो तरी त्यांची नोकरी वाचली नसती, हेही बहुधा खरेच आहे. तरीही मी बोललो नाही ते नाहीच.

त्यानंतर दोन वर्षे मी रविवारी कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या जोडे कारागिरांच्या एका माळ्यावर जाऊन जमिनीवर बसलो आणि वडिलांच्या पुढ्यात जे शिकायचे टाळले होते ते दुसऱ्यांच्या पुढ्यात शिकलो. फर्मा आधी, कागद नंतर, हे मी तिथे शिकलो. तुला हे वाक्य मी पुढेही दोन-चार वेळा ऐकवणार आहे.

फर्म्यावर काम म्हणजे नेमके काय, तेही सांगतो. फर्म्याला कागदी चिकटपट्टी लावायची, पट्ट्या एकमेकींवर चढवीत, सुरकुती न पडू देता, आतून आणि बाहेरून. मग त्या पट्टीवरच पेन्सिलीने जोडा काढायचा. पहिली मध्यरेषा, मग पाय आत जातो त्या तोंडाची रेषा, मग तुकड्यांचे सांधे कुठे येणार ते. नंतर ती पट्टी सोलून सपाट कागदावर चिकटवायची, आणि इथे तुझ्या शिक्षणातली सर्वांत मोठी अडचण उभी राहते: गोलाई सपाट होत नाही. कुठेतरी कापावे लागते, कुठेतरी थोडे खोटे बोलावे लागते, आणि ते खोटे कुठे खपेल हे चामड्यावर अवलंबून असते. कण्याजवळचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल ताणते. म्हणून जोड्याचा पुढचा भाग कण्याजवळून कापायचा, आणि ताण लांबीला येणार की रुंदीला, हे रापी लावण्यापूर्वी ठरवायचे. मग तळाखाली दुमडण्यासाठी पंधराएक मिलिमीटर जास्तीची कड सोडायची. ती कड जंबुराने, म्हणजे ओढायच्या चिमट्याने, ओढून फर्म्यावर चढवताना तुझे सुंदर वळण जर दोन मिलिमीटर सरकले, तर दोष जंबुराचा नसतो, तुझ्या वळणाचा असतो.

हे चढवण्याचे काम किती अवघड आहे त्याचा पुरावा इतिहासात आहे. जोडे शिवण्याची यंत्रे आली तरी फर्म्यावर चामडे चढवणे कितीतरी वर्षे हातानेच होत राहिले, आणि अमेरिकेतल्या लिन शहरात चांगला कारागीर दिवसाला पन्नासएक जोड चढवीत असे. सुरिनामहून आलेल्या यान मात्सेलिगर नावाच्या कामगाराने चामडे चढवण्याचे यंत्र केले, त्याचे पेटंट १८८३चे. त्याने कारागिरांचे हात वर्षानुवर्षे पाहिले होते. इटलीचा नामवंत जोडेकार साल्वातोरे फेरागामो कॅलिफोर्नियात असताना शरीररचनाशास्त्र शिकायला विद्यापीठात गेला, कारण आपले जोडे देखणे असूनही पायाला का दुखवतात हे त्याला कळत नव्हते. त्याची नावाजलेली डिझाइने तुझ्या पत्रात आहेत. तो कशासाठी शिकायला गेला ते नाही.

तू म्हणशील, काका, कोल्हापुरीला कुठे फर्मा असतो? हा आक्षेप माझ्या भाच्यानेही घेतला होता, आणि तो मोठ्या विजयी मुद्रेने घेतला होता. बरोबर आहे, परंपरेने कोल्हापुरी फर्म्यावर चढवून होत नाही. तिथे घालणाऱ्याचा पायच फर्मा असतो. तेल पाजून, आठ दिवस चावे सोसून, चप्पल त्या एका पायाची होते. माझे वडील गिऱ्हाइकाला उभे करून अंगठा आणि पट्टा त्याच्या पायावर बसवून पाहत आणि मगच शेवटचे टाके घालीत. यात फर्मा नाही असे कोणी म्हणू शकते, मी म्हणत नाही. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या तेव्हा मूळ ठिकाणाचे नाव घेतले नाही म्हणून ओरड झाली, मग त्यांनी ते मान्य केले. तू त्या प्रकरणावर पानभर लिहिले आहेस आणि तुझा संताप रास्त आहे. पण तुझ्या रेखाटनांतील क्रमांक सतरा ते एकवीसमध्ये कोल्हापुरीचे कान, म्हणजे बाजूची चामड्याची पाती, आणि वेणी आहेत, आणि ते कान तिथे कशाला असतात हे तुला सांगता येईल का? आकार उचलणे सोपे असते. ते मिलानमध्ये उचलले काय किंवा पुण्यात उचलले काय.

भाच्याचा दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तो म्हणतो, मामा, तुझ्या या तत्त्वानेच तुझा कारखाना बुडवला. प्रत्येक मोसमाला नवा फर्मा करून घ्यायचास, त्यात पैसा गेला. मी २००३ ते २०१९ अकरा माणसांचा छोटा कारखाना चालवला, हे तुला ठाऊक आहे. फर्म्यांवर खर्च झाला, नाही म्हणत नाही. पण कारखाना बुडाला तो खरेदीदार एकशेवीस-एकशेवीस दिवस पैसे अडकवून ठेवीत म्हणून, आणि बाजारात रेक्झिनचे जोडे माझ्या चामड्याच्या किमतीत मिळू लागले म्हणून. माझा एकही जोडा पाय दुखतो म्हणून परत आला नाही. एकही नाही. हे मी त्याला दर दिवाळीला सांगतो. असो, तुझा प्रश्न हा नव्हता.

संगणकाबद्दलही तू लिहिले आहेस. आता फर्मे पडद्यावर घडतात, छापूनही निघतात, आणि त्याला माझा विरोध नाही; पडद्यावरचा फर्माही फर्माच असतो. पण ज्याच्या बोटांनी चवड्याचा घेर कधी मोजला नाही त्याला पडद्यावरचा आकडा काय सांगणार? इंग्रजी मापाच्या एका नंबरात इंचाचा तिसरा भाग असतो, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि पॅरिसच्या मापात सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. ही दोन्ही मापे आपल्या पायांवरून ठरलेली नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, आणि भारतीय पाय तुलनेने रुंद असल्याचे त्यातून दिसले. त्यावरून 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली आहे. म्हणजे आपण इतकी वर्षे आपल्या बायकांचे पाय परक्या फर्म्यांत कोंबत आलो. एवढे मोठे काम समोर पडलेले असताना तुझ्यासारख्या हुशार मुलीने टाचेवर फुलपाखरू चितारावे याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

शिकू नकोस असे मी म्हणत नाही. नोएडाची फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट १९८६पासून आहे, आग्रा आणि चेन्नई इथे केंद्रीय पादत्राण प्रशिक्षण संस्था आहेत. मिलानमध्येच आर्स सुतोरिया नावाची १९४७ सालची शाळा आहे, जिथे पॅटर्न काढणे हाच शिक्षणाचा गाभा आहे. तू पाठवलेले माहितीपत्रक त्या शाळेचे नाही. त्यात 'ब्रँडची कथा' या विषयाला सहा आठवडे आहेत आणि पॅटर्नला दोन. तुझ्या वडिलांची जमीन त्या दोन आठवड्यांसाठी गहाण पडणार आहे, आणि ते दोन आठवडे राणीपेटला तुला पगार देऊन मिळतील, तेही वर्षभर.

तिथे त्रास होईल, हे ठाऊक असू दे. पॅटर्न विभागात बहुधा तू एकटी मुलगी असशील, भाषा तमिळ असेल, आणि पहिले काही महिने तुझ्याकडे फक्त दुसऱ्यांच्या पॅटर्नच्या कडा कापण्याचे काम येईल. तिथल्या मास्तरांना चित्र समजावून सांगायला जाऊ नकोस. ते फर्म्याखाली काही सरकवून दाखवू लागले, तर हातातले काम ठेवून बघ.

सोबत खोक्यात एक फर्मा पाठवला आहे. ३७ नंबर, उजवा, टाच ४५. जुना आहे, टाचेच्या बाजूला खिळ्यांची भोके आहेत, त्यांवर पट्टी लावताना ती आत दबू देऊ नकोस. तुझ्या बेचाळीसपैकी क्रमांक आठ त्यावर बसण्यासारखा आहे, बाकीच्यांचे नंतर पाहू. आधी आतली बाजू काढ. तीन वेळा पट्टी लावून तीन वेळा सोल, आणि तिन्ही सपाट केलेले कागद मला पोस्टाने पाठव. फोनवरची छायाचित्रे नकोत, त्यात सुरकुत्या दिसत नाहीत. फीचा पहिला हप्ता पंधरा तारखेला आहे असे तू लिहिले आहेस. कागद दहापर्यंत पोचले तर बरे, म्हणजे तुझ्या वडिलांशी बोलताना माझ्या हातात काहीतरी असेल.

तुझा,
काका