हॅलोवीन आता दुपारी चारला सुरू होतं

अगं, ३१ ऑक्टोबरला इथे अमेरिकेत पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या हॅलोवीनबद्दल तू विचारलंस, की मैत्रीण सांगते ते आणि डेकेअरचं पत्रक एकाच सणाचं कसं. तर तुझी ऑफिसमधली मैत्रीण अजिबात थापा मारत नाहीये. ती पन्नाशीची असेल तर तिच्या लहानपणी सात-आठ वर्षांची पोरं खरंच मोठं माणूस बरोबर न घेता, घोळक्याघोळक्याने अंधारात गल्ल्या पालथ्या घालायची आणि उशांचे अभ्रे भरून खाऊ आणायची. आणि तुझ्या लेकीच्या डेकेअरचं पत्रक (मास्क नको, तलवारी-बंदुका नकोत, रक्तबिक्त नको, घरचा खाऊ नको, परेड सकाळी दहाला) तेही त्याच सणाचं आहे. मधे काय काय झालं ते सांगते, कारण मी नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत आले, दोन्ही पोरं इथेच वाढली आणि नंतर प्रीस्कूलमध्ये असिस्टंट म्हणून लागले, त्यामुळे घरची आणि शाळेची दोन्ही बाजू बघितली आहे.

मुळात हा चिल्ल्यापिल्ल्यांचा सण नव्हताच. आयरिश आणि स्कॉटिश लोकांनी एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेत आणला, तिकडे ते दिव्यासाठी सलगम कोरायचे, इथे आयता मोठा भोपळा मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वांड पोरांची रात्र होती, लोकांची फाटकं उचकटून न्यायची, खिडक्यांना साबण फासायचा, गाड्या पळवून भलतीकडे नेऊन ठेवायच्या. आपल्याकडे शिमग्याला होळीसाठी लोकांची लाकडं नि बाजा पळवायचे ना, तसलाच प्रकार. पुढे शहरांत तो नासधुशीवर गेला, तेव्हा मोठ्यांनी डोकं चालवलं की पोरांना दुसरं काहीतरी देऊन गुंतवा. मिनेसोटातल्या अनोका गावाने याच कारणासाठी १९२० मध्ये परेड काढली. म्हणजे तुझ्या डेकेअरची परेडसुद्धा मूळची पोरांना आवरण्यासाठीच आहे!

दारोदार जाऊन खाऊ मागणंही लोकांना वाटतं तितकं जुनं नाही. 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) हे शब्द १९२७ च्या कॅनडातल्या अल्बर्टाच्या एका बातमीत सापडतात, अमेरिकेत ते तीसच्या दशकात पसरायला लागलं आणि तेवढ्यात महायुद्ध आलं, १९४२ पासून साखरेचं रेशनिंग, मग कसली कॅंडी नि कसलं काय. ते १९४७ ला उठलं आणि त्याच सुमाराला उपनगरांत एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, प्रत्येक घरात दोन-तीन पोरं. हॅलोवीनचं आपण जे चित्र डोळ्यासमोर आणतो ते त्या वेळचं आहे. व्रात्यपणा मात्र पुरता गेला नाही हं, आपल्या जर्सीत ३० ऑक्टोबरला मिस्चिफ नाइट, म्हणजे खोड्यांची रात्र असते, सकाळी उठून अंगणातल्या झाडावर टॉयलेट पेपरच्या माळा दिसल्या तर दचकू नकोस.

तुझ्या मैत्रिणीच्या लहानपणचे कॉस्च्युम तिला विचारच. बेन कूपर कंपनीचे खोक्यातले मिळायचे, वर पारदर्शक खिडकी आणि त्यातून तो चेहरा आपल्याकडे बघतोय. पातळ प्लास्टिकचा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं, मागे इलॅस्टिक जे दुसऱ्या गल्लीत तुटणारच, आणि अंगात प्लास्टिकचा झगा ज्याच्या छातीवर त्याच हिरोचं नाव नि चित्र, म्हणजे कोणी ओळखलं नाही अशी भानगडच नको. खाऊ बराचसा घरचा असायचा, पॉपकॉर्नचे लाडू, कुकीज, सफरचंद. १९५० मध्ये फिलाडेल्फियातून युनिसेफचे (गरजू मुलांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) मदतीचे डबे निघाले, तेव्हापासून कित्येक पोरं कॅंडीबरोबर सुट्टे पैसेही गोळा करायची.

मग भीती शिरली. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा कॅंडीतल्या सायनाइडने जीव गेला, आणि ते विष घालणारा कोणी परका नव्हता, विम्याच्या पैशासाठी खुद्द बापानेच घातलं होतं. १९८२ च्या शरदात शिकागोत टायलेनॉल या दुखण्यावरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं आणि सात जण मेले, त्याचा हॅलोवीनशी काडीचा संबंध नव्हता पण महिन्यावर सण आलेला, त्यामुळे सगळा देश हादरला आणि घरचा खाऊ जवळपास बंदच झाला. काही हॉस्पिटलं तर पोरांच्या पिशव्या एक्सरेखाली घालून द्यायला लागली! जोएल बेस्ट म्हणून समाजशास्त्राचे प्रोफेसर आहेत, त्यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासल्या, तर अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना मिळालं नाही. पण एकदा बसलेली भीती कुठे जाते. मी आले तेव्हा आमच्या शेजारच्या घरी परत आल्यावर सगळी कॅंडी डायनिंग टेबलावर ओतून दिव्याखाली एकेक पुडी उलटीपालटी करून बघायची पद्धत होती, आणि मीही ती उचलली. (त्यात आईबापांची चांगली चॉकलेटं काढून घ्यायची सोय होते हा भाग वेगळा.)

ट्रंक ऑर ट्रीटही याच भीतीतून वाढलं, नव्वदच्या दशकात चर्चवाल्यांनी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून त्यातून खाऊ वाटायला सुरुवात केली आणि आता शाळा, लायब्ररी, टाउनशिप सगळेच करतात.

अजून एक बदल कोणी फारसा बोलत नाही, तो घड्याळाचा. हिवाळ्यासाठी इथे घड्याळ एक तास मागे करतात. आधी ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जायचं, म्हणजे ३१ तारखेला इथे पाचलाच दिवस मावळलेला. २००७ पासून ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातं, त्यामुळे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. माझा थोरला भोपळ्याच्या दिव्यांच्या उजेडात फिरला आणि आता साडेतीनला शाळा सुटली की चारला लख्ख उन्हात भुतं फिरतात. तुझी साडेतीन वर्षांची आहे, तुला हे सोन्यासारखं आहे, मोठी मुलं उतरायच्या आत तुमचं आटपून होतं.

आणि २०१२ तर विसरणं शक्यच नाही. सॅंडी वादळ २९ ऑक्टोबरला आदळलं, वीज नाही, रस्त्यावर तारा पडलेल्या, तर जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टींनी रीतसर आदेश काढून हॅलोवीन ५ नोव्हेंबरला ढकललं. बरोबरच केलं त्यांनी. पण गंमत बघ, जी रात्र कोणाच्याही बापाला आवरत नव्हती ती आता सरकारी आदेशाने पुढच्या सोमवारी ठेवता येते. माझ्या मते सगळा बदल यातच आला. पोरांची रात्र होती ती मोठ्यांनी चालवलेला कार्यक्रम झाली, आणि त्यात लहान मुलांचा पुष्कळ फायदाही झालाय हे कबूल करायला हवं. पूर्वी पीनट ॲलर्जी असलेलं पोर पिशवीभर खाऊ आणून त्यातला निम्मा देऊन टाकायचं. टेनेसीत २०१२ ला सुरू झालेला निळसर-हिरव्या भोपळ्याचा उपक्रम २०१४ पासून देशभर झाला, तसा भोपळा दारात दिसला की तिथे स्टिकर, बबल्स, पेन्सिली असलं न खायचं काहीतरी मिळतं. आमच्या वर्गात एक मुलगा आईचा हात धरून फक्त तेच भोपळे शोधत फिरायचा आणि सोमवारी येऊन कुठल्या घरी कोणतं स्टिकर मिळालं ते सगळं म्हणून दाखवायचा.

शाळा हॅलोवीन बंद करतायत याबद्दल तू लिहिलंयस. २०२३ मध्ये आपल्या जर्सीतल्याच साउथ ऑरेंज-मेपलवूडच्या प्राथमिक शाळांनी बंद केलं तेव्हा त्या वेळचे गव्हर्नर मर्फीसुद्धा चिडले होते. मला दोन्ही बाजू कळतात. धर्मामुळे हे न करणारी कुटुंबं आहेत, आमच्याकडे परेडच्या वेळी अशी एक-दोन मुलं लायब्ररीत चित्रं रंगवत बसायची आणि खिडकीतून परेड दिसायचीच. कॉस्च्युमला पैसे पडतात तो भाग आहेच. तरी मला वाटतं अगदी बंद करण्यापेक्षा भोपळे, पानं, शरद ऋतू असं काही करून सगळ्यांना घेता येतं, बऱ्याच शाळा तेच करतात.

एक उलटं मात्र झालंय. मुलांचे कॉस्च्युम मऊ मऊ झाले, मधमाशी, युनिकॉर्न, डायनोसॉर, आणि घरं जास्त भीतीदायक. २०२० पासून होम डेपो या घरसामानाच्या दुकानाचा तो बारा फुटी सांगाडा आला आणि मोठ्या माणसांमध्ये चढाओढच लागली. मेणबत्त्या जाऊन बॅटरीचे दिवे आले ते बरं झालं, झग्यांना आग लागायची भीती गेली, पण तीन वर्षांच्या पोरीसमोर धूर सोडून किंचाळणारी चेटकीण कशाला? दिवसाउजेडी एकदा गल्लीतून चक्कर मार आणि कुठली घरं टाळायची ते ठरवून ठेव.

कोविडच्या वर्षी लोकांनी प्लास्टिकच्या पाइपातून कॅंडी सोडली, ड्राइववेवर टेबलं मांडली. पाइप गेले, टेबलं राहिली. ते मला आवडत नाही, बेल वाजवायची नाही, ट्रिक ऑर ट्रीट म्हणायचं नाही, पुडी उचलून पुढे. पुण्या-मुंबईच्या प्लेस्कूलमध्ये जे पोचलंय ते तर त्याच्याही पुढचं, वटवाघळांचे कागद, फोटो, पार्टी, पण कोणाच्या दारात जाणं नाही. तुझ्या सासूबाईंना भुताखेतांचा सण म्हणून काळजी वाटते ना, त्यांना म्हणावं काळजी नको, भुतं कधीच निघून गेली. २०२४ ला तर इथे लक्ष्मीपूजन नेमकं ३१ तारखेला आलं, आमच्या गल्लीत परकर-पोलकं घालून बादली घेतलेल्या मुली फिरत होत्या आणि कोणाला काही वाटलं नाही.

आता तुझ्या लेकीचं. ट्रंक ऑर ट्रीटला जरूर जा पण त्यावर भागवू नकोस, आपल्याच रस्त्यावरची पाच-सहा घरं कर, नव्याने आलेल्यांना शेजारी ओळखायला याच्याइतकी सोपी संधी वर्षभरात दुसरी नाही. पोर्चचा दिवा बंद असेल तिथे बेल वाजवायची नाही. कॅंडीतल्या विषापेक्षा गाड्यांना भी, अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या आकडेवारीच्या एका अभ्यासात हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला, म्हणून रस्ता ओलांडताना हात सोडायचा नाही. कडक गोळ्या नि गमबॉल (च्युइंगमच्या गोल गोळ्या) काढून घे, तिच्या वयाला घशात अडकतात. आणि कॉस्च्युम दोन भागांचा घे गं बाई. मागे चेन असलेल्या एकसंध डायनोसॉरमध्ये शू आलेली मुलं मी वर्षानुवर्षं सोडवली आहेत, आत थर्मल, बाहेर शेपूट, चेन अडकलेली आणि पोर रडतंय. आतून जाड टीशर्ट बसेल असा एक साइज मोठा घे, आदल्या दिवशी घरात घालून फिरू दे.

१ नोव्हेंबरला तेच कॉस्च्युम अर्ध्या किमतीत दिसतील, तेव्हा पुढच्या वर्षीचा आत्ताच घेऊन ठेवायचा मोह होईल. घेऊ नकोस, तोवर तिला मधमाशी नाही तर कचऱ्याचा ट्रक व्हायचं असेल.