तुमचे प्रश्न : बसची फी घेतली, मग बस कुठे आहे?

प्रश्न : ताई नमस्कार, मी राजापूर तालुक्यातली, एसवायला (डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला) आहे. आमचं कॉलेज सड्यावर (डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर) आहे, हायवेच्या फाट्यावरून चार किलोमीटर चढ. ॲडमिशनच्या वेळी माहितीपुस्तकात छापलेलं की फाट्यापासून कॉलेजची बस आहे आणि त्याचे ६००० फीबरोबरच घेतले. जून-जुलै चालली, नागपंचमीच्या आसपास बंद पडली ती पडलीच, आता कॉलेजच्या पाठीमागे उभी आहे, टायरखाली गवत वाढलंय. ऑफिसात विचारलं की पार्ट यायचाय म्हणतात, मग साहेब मीटिंगला गेलेत, मग संस्थेला विचारा, आणि संस्थेचं ऑफिस मुंबईत. रिक्षावाला माणशी २० घेतो ते पण पाच जणं भरल्याशिवाय सोडत नाय. बाबा बोटीवर खलाशी आहेत, रोजचे ४० कुठून आणू. पहिलं लेक्चर साडेआठचं ते हमखास चुकतं आणि आता कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टला माझं नाव लागलंय. आम्ही आठ-दहा जणी मिळून चारदा जाऊन सांगून आलो. आता काय करायचं?

उत्तर : अगं बाय, तुझं पत्र वाचलं आणि खरंच राग आला. मी पण असाच सडा चढून शिकलेय, आपल्याकडे रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सड्यावर ना झाड ना आडोसा, वारा सुटला की छत्री उलटी, आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की उघड्या कातळावर जीव मुठीत धरून चालायचं. हे ऑफिसात पंख्याखाली बसलेल्याला कळत नाही, त्यामुळे ते त्यांना कागदावर दाखवायला लागतं.

तुम्ही चारदा गेलात पण चारही वेळा तोंडी, म्हणजे ऑफिसच्या लेखी तुम्ही एकदाही आलेला नाहीत. अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्यायचा. क्लार्क पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोच मागून, पाठवा आणि कॉलेजच्या ईमेलवर पण टाका. अर्जात रडगाणं नको, तारखा पाहिजेत. बस कुठल्या तारखेपासून बंद, किती मुलं फाट्यावर उतरतात, कुठली लेक्चरं गेली. सोबत माहितीपुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स आणि फीची पावती. पावतीवर बस फी अशी वेगळी ओळ आहे का ते आधी बघ, नुसतं 'इतर' म्हणून लावले असतील तर माहितीपुस्तकाचं पान हाच तुझा पुरावा, ते जपून ठेव.

अजून एक, त्या बसचा नंबर सरकारच्या एमपरिवाहन ॲपमध्ये टाकून बघ, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला लायक असल्याचा दाखला) आणि इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसतं. फिटनेस संपलेला निघाला तर पार्टची गोष्ट वेगळीच होते, आणि मग ती बस तशीच सुरू करा असं मागू नका हं, दुसरी गाडी मागा.

मागण्या तीन सुट्या सुट्या लिहा. जितके महिने बस नाही तितक्या महिन्यांचे पैसे परत, बस सुरू होईपर्यंत कॉलेजने भाड्याची गाडी लावावी, आणि पहिलं लेक्चर अर्धा तास उशिरा, नऊला, सुरू करावं. ही तिसरी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण तिला पैसा लागत नाही, प्राचार्यांच्या सहीने होते, आणि चालत येणाऱ्या मुलांना तेवढा अर्धा तास तरी जास्तीचा मिळतो. हजेरीचं त्याच अर्जात घुसडू नकोस. त्यासाठी वेगळा अर्ज दे, फायनल लिस्ट लागायच्या आधी, बस बंद असल्याच्या तारखा आणि तुझी गैरहजेरी शेजारी शेजारी मांडून. माफी मिळेलच असं मी सांगत नाही पण नंतर कोणी म्हणायला नको की आधी का नाही बोललीस.

आणि तरी काही हललं नाही तर? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम आहेत, त्याप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तीत निदान एक बाई हवी आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. कबूल केलेली सोय दिली नाही ही तक्रार त्या नियमांत सरळ बसते. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, संलग्न कॉलेजातल्या मुलांना पण तोच लोकपाल. समितीत कोण आहे ते नोटीस बोर्डवर किंवा वेबसाइटवर शोध, नाही सापडलं तर 'समितीच्या सदस्यांची नावं द्यावीत' हाच पहिला अर्ज. कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकारात बस फी किती जमली आणि कशावर खर्च झाली ते विचारता येतं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा, उत्तराला ३० दिवस. हा खर्चाचा प्रश्न विचारला की फायली हलतात, मी पाहिलंय.

प्रश्न : माझी मुलगी पण अशाच कॉलेजात आहे. तक्रार करायची म्हणते पण मला भीती वाटते, इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात. नाव न देता तक्रार करता येत नाही का? (एक पालक, देवगड)

उत्तर : दादा, तुमची भीती खोटी नाही, छोट्या कॉलेजात सगळे सगळ्यांना ओळखतात. पण निनावी अर्ज बहुतेक वेळा बाजूला पडतो, त्याचं उत्तर द्यायचं तरी कोणाला. त्यापेक्षा चाळीस-पन्नास सह्या घ्या आणि त्या गोलात करा, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळत नाही. त्यात निम्म्या सह्या पालकांच्या असू द्या, मार्क पालकांचे कापता येत नाहीत. आणि अर्ज घेऊन तुम्ही स्वतः जा, सोबत अजून दोन बाबा किंवा आया घेऊन, मुलीला एकटीला पुढे करू नका. तिला सांगा की इंटर्नलच्या पेपरचे, प्रोजेक्टचे फोटो काढून ठेव. उद्या खरंच कोणी डूख धरला तर ती वेगळी तक्रार होते आणि तेव्हा ते फोटो लागतील. एवढं करूनही तिला नको वाटत असेल तर जबरदस्ती करू नका, सह्या बाकीच्यांच्या घ्या.

प्रश्न : मी डिग्रीला आहे, रोज एसटीने येते. बायकांना तिकीट अर्धंच आहे मग विद्यार्थी पास काढायची गरज आहे का? (लांजा)

उत्तर : रोज येत असशील तर आहे. महिलांना ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे, पण विद्यार्थी पासात सवलत ६६.६७ टक्के, म्हणजे तू तिसरा हिस्साच भरतेस. आठवड्याला तीनच दिवस लेक्चर असतील तर मात्र अर्ध्या तिकिटाचा हिशोब करून बघ, ते स्वस्त पडेल. (बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे, धाकटी बहीण असेल तर तिला सांग.) पाससाठी डेपोच्या खिडकीवर अर्धा दिवस घालवू नकोस, जून २०२४ पासून एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात द्यायला सुरुवात केलीय, त्यासाठी कॉलेजने मुलांची यादी आगाराला द्यायची असते, ती दिली का ते ऑफिसात विचार, आणि नसेल दिली तर वरच्यासारखाच अर्ज, पोच घेऊन. आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर असेल तर महिन्याचा पास आत्ता काढू नकोस, सुट्टीतले दिवस फुकट जातील, कॉलेज पुन्हा सुरू होईल त्या तारखेपासूनचा काढ.