रीफ नॉटने दोन दोऱ्या जोडू नका

तुम्ही विचारलंय, कॅम्पला जाण्याआधी कुठल्या गाठी शिकाव्यात, रीफ नॉट (उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, अशी दोनदा बांधलेली साधी गाठ) येते, तेवढी पुरेल का. नाही पुरणार. बँडेजला, गाठोड्याला ती उत्तम, चपटी बसते. पण दोन दोऱ्या जोडून त्यांच्यावर भार टाकायचा असेल तर तिला हातही लावू नका.

आमचं घर गोव्यात, पेडण्यातल्या केरीला. बाबांची लाकडी होडी तेरेखोल नदीत असायची. एका आषाढ अमावास्येला उधाण, वरून पाऊस, बाबा तापाने झोपलेले. दादा होडी बांधायला गेला. माडाला बांधलेला सुंभ आखूड पडला म्हणून त्याने पुढे निळी बारीक नायलॉनची दोरी जोडली. रीफ नॉटने. सकाळी होडी नव्हती. दोन दिवसांनी सापडली ती खडकांत फुटलेली.

दादा आजही म्हणतो, दोरी तुटली. माडाला लोंबणारा सुंभ मी हातात घेऊन बघितला, पीळ जसाच्या तसा. होडीला राहिलेल्या नायलॉनचं काडीने वितळवलेलं टोकही शाबूत होतं. तुटलेल्या दोरीला अशी टोकं असतात का? एक दोरी जाड, दुसरी बारीक नि गुळगुळीत. लाटांनी हिसके बसले की रीफ नॉटमधली एक दोरी सरळ होते आणि दुसरी तिच्यावरून घसरून निघते.

तिथे शीट बेंड हवी होती. जाड दोरीचं टोक दुमडून आकडा (U सारखा वळसा) करायचा, बारीक दोरी खालून त्यात घालून आकड्याच्या दोन्ही पदरांमागून फिरवायची आणि स्वतःच्याच खालून काढायची. नायलॉन असेल तर दोन वेढे. हाताने विणलेल्या जाळ्यात आसा-आसाला, म्हणजे भोका-भोकाला, हीच गाठ असते. बाबा पडवीत बसून जाळं सांधायचे, ते आम्ही दोघांनी लहानपणापासून पाहिलं होतं.

बाकी, न आवळणारा फास हवा तर बोलाइन, पण शेपूट लांब ठेवा, गाठ ढिली राहून हलत राहिली तर सुटते. ताण असतानाही सोडता यायला हवी असेल तर खुंटाला दोन वेढे आणि वर दोन अर्ध्या गाठी. तंबूला हे पुरे. कड्यावर चढणार असाल तर मात्र माझ्या उत्तरावर जाऊ नका, जाणकाराकडून एट नॉट (इंग्रजी 8 च्या आकाराची गाठ) समोरासमोर शिका.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर सांगतो, दोन्ही टोकं अजून पडवीत खुंटीला आहेत. चतुर्थीला येशील तेव्हा हातात घेऊन बघ.