घरकुलाच्या पैशांत तयार भिंतींचे घर?

प्रश्न : आमच्या वाडीत घरकुलासाठी १,२०,००० रुपये मंजूर झाले आहेत. तेवढ्यात कारखान्यातून आणलेल्या तयार भिंतींचे घर उभे राहील का?

उत्तर : तंत्र भरवशाचे आहे. आयआयटी मद्रासने २०१३ मध्ये अशा फलकांची दुमजली इमारत उभारून दाखवली. खत कारखान्यातल्या टाकाऊ जिप्सममध्ये काचतंतू मिसळून केलेला फलक १२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १२४ मिलिमीटर जाड असतो, आणि त्याच्या पोकळ्यांत सळई व काँक्रीट भरले की भिंत भार पेलते. अडचण वाटेची आहे. फलक कापून आणले तरी ते उभे करायला क्रेन लागते. वाडीचा रस्ता बैलगाडीपुरताच असेल, तर भाडेच भिंतीपेक्षा जड होईल. एकट्या घरासाठी गावचा गवंडीच बरा. वीस-पंचवीस घरकुले एकाच वेळी मंजूर असतील, तर मात्र ग्रामपंचायतीने एकत्रित दर मागवून पाहावेत.